धाकटीची काठी

मी एक जुनी काठी आहे, मित्रांनो. हातभर लांब, दोन बोटं रुंद, एका टोकाला लाल. सध्या माझा मुक्काम एका वर्गाच्या खिडकीत आहे. ही खिडकी आपण होऊन उघडी राहत नाही, म्हणून तिच्या फटीत मला उभं केलं आहे. येणारे-जाणारे मला खिडकीचीच काठी समजतात. समजोत बापडे. मी त्यांना काही सांगायला जात नाही, कारण मला एकच भाषा येते आणि ती लिटरची आहे.

माझं मूळ काम वेगळं होतं. मी विमानाच्या पेट्रोलच्या टाकीत उतरत असे. आकाशात पांढरी रेघ ओढत जाणाऱ्या मोठ्या विमानांच्या नव्हे, त्यांच्यापर्यंत माझी पोच कधीच नव्हती. मी दोन माणसांच्या लहान विमानाची काठी. एका खुर्चीत शिकणारा बसतो आणि शेजारच्या खुर्चीत त्याच्यावर ओरडणारा बसतो, तसल्या विमानाची. पुस्तकात मला डिपस्टिक म्हणतात. विमानशाळेत मात्र 'अरे, काठी कुठंय?' अशीच आरोळी उठायची, आणि ती दिवसातून बऱ्याचदा उठायची.

तुम्ही विचाराल, विमानात पेट्रोलचा काटा नसतो का? असतो. दोन पंखांत दोन टाक्या, म्हणून काटेही दोन असतात. पण ते काटे मनाचे राजे. विमान कललं की ते कलतात, विमान हललं की डुलतात आणि लहर लागली तर रिकाम्या टाकीलाही अर्धी भरलेली म्हणतात. रस्त्यावरच्या गाडीचं पेट्रोल संपलं तर गाडी कडेला लावता येते. वर आकाशात कडेला लावायला काही नसतं. म्हणून उडण्याआधी घोड्यावर, म्हणजे घडीच्या शिडीवर चढायचं, पंखावरचं झाकण काढायचं, काठी सरळ तळाला टेकवायची, वर काढायची आणि जिथपर्यंत ओली झाली तिथला आकडा वाचायचा. मग ती पुसायची. मगच दुसऱ्या पंखातल्या टाकीत सोडायची. यातलं 'मग पुसायची' हे मेकॅनिक काका प्रत्येक नव्या मुलाला पहिल्या दिवशी बजावून सांगत, आणि प्रत्येक नवा मुलगा ते दुसऱ्या दिवशी विसरत असे.

माझा जन्म एका खोक्यातून झाला. विमानाच्या नाकावरचा नवा पंखा ज्या लाकडी खोक्यात आला, त्याची एक फळी काकांच्या मनात भरली. दुसऱ्या कुणी तिचं स्टूल केलं असतं. काकांनी ती चिरली, तासली, पॉलिशच्या कागदाने घासली आणि तिच्या दोन काठ्या केल्या. एक मी, आणि दुसरी माझी बहीण. लांबी-रुंदीला आम्ही अगदी सारख्या होतो, इतक्या की पहिल्या दिवशी खुद्द काकांचाही गोंधळ झाला.

विमानशाळेत विमानंही दोनच होती. सगळे त्यांना थोरली आणि धाकटी म्हणत. दोघी एकाच घडणीच्या, दोघी पांढऱ्या, दोघींच्या खुर्च्या सारख्याच फाटलेल्या. फरक एकच होता आणि तो बाहेरून दिसत नसे. थोरलीच्या पंखांत साध्या टाक्या होत्या, तर धाकटीच्या पंखांत लांब पल्ल्याच्या, म्हणजे जास्त ऐसपैस टाक्या होत्या.

काकांनी धाकटीची टाकी पार कोरडी केली. मग मापाच्या डब्याने थोडं पेट्रोल ओतायचं, मला आत सोडायचं, वर काढायचं आणि ओल्या रेषेवर चाकूने खाच पाडायची. पुन्हा ओतायचं, बुडवायचं, कापायचं. दुपारभर हेच चाललं होतं. खाचा पाडताना दुखलं, खोटं कशाला बोलू. पण संध्याकाळी माझ्या अंगावर आकडे होते आणि मी फळी राहिले नव्हते. थोरलीच्या टाकीपाशी माझ्या बहिणीचीही अशीच गत झाली. आता एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा, ती पुढे लागणार आहे. परातीत चार बोटं पाणी आणि पेल्यात चार बोटं पाणी, बोटं तेवढीच, पण पाणी तेवढंच नव्हे. तसंच आमचं होतं. एकाच उंचीवर माझ्या अंगावर मोठा आकडा होता आणि बहिणीच्या अंगावर लहान. धाकटीच्या टाकीत मी खरी होते आणि थोरलीच्या टाकीत ती खरी होती.

ओळख पटावी म्हणून काकांनी माझं डोकं लाल रंगवलं आणि तिचं हिरवं. मग त्यांनी मला धाकटीच्या खुर्चीमागच्या खिशात सरकवलं आणि माझी नोकरी सुरू झाली.

कामाची वर्षं बरी गेली. रोज सकाळी कुणीतरी मला बाहेर काढी, बुडवी, वाची, आणि आठवण राहिली तर पुसे. कितीतरी हातांनी मला धरलं. काही हात थरथरत, ते पहिल्यांदा एकटे उडणाऱ्यांचे असत. काही हात बेफिकीर असत, ते आठवड्यापूर्वी पहिल्यांदा एकटे उडून आलेल्यांचे असत. माझा आकडा पाहिल्याशिवाय कुणी इंजिन सुरू करत नसे. मला कुणी शाबासकी दिली नाही, पण माझ्यावर अविश्वासही दाखवला नाही, आणि काठीला याहून मोठा मान मिळत नाही. मात्र इतक्या हातांनी आणि इतक्या पेट्रोलने माझा लाल रंग हळूहळू उडाला. बहिणीचा हिरवाही उडाला. काका येता-जाता म्हणायचे, "ह्या दोघींना एकदा रंगवलं पाहिजे." सगळे माना डोलवायचे. रंगाचा डबा फडताळात होता, ब्रशही होता. फक्त दिवस उजाडत नव्हता.

याच सुमारास ताई आली. शाळेतली बाकीची मुलं नुकती मिसरूड फुटलेली, आणि ही त्यांच्यापेक्षा चांगली मोठी, म्हणून सगळ्यांची ताई. आधी ती एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायची. ते सोडून ती व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स काढायला आली होती. राहायला ती भावाकडे होती. तिला एक सवय होती. कुठलीही गोष्ट मोजून झाली की ती पुटपुटायची, "परत एकदा." इंजिनाचं तेल पाहायची, परत एकदा. चाकांची हवा पाहायची, परत एकदा. मुलांनी तिचं नावच 'परत-एकदा ताई' पाडलं होतं आणि ती त्या हाकेला ओ देत असे. मला ती प्रत्येक टाकीत दोनदा बुडवायची आणि दर वेळी पुसायची. माझ्या आयुष्यात मी इतकी स्वच्छ कधीच नव्हते.

या सवयीने तिचा घात केला होता. लायसन्ससाठी लेखी पेपर असतात: हवामान, नियम, यंत्र आणि नेव्हिगेशन. वारा कुठून येतोय, विमान किती सरकेल, पोचायला किती वेळ लागेल, पेट्रोल किती जळेल, हे सगळं एका गोल चकतीवर फिरवून नेव्हिगेशनच्या पेपरात काढायचं असतं. ताईची उत्तरं बरोबर येत. पण एकेक उत्तर ती परत एकदा काढी, आणि वेळ संपला की शेवटची पानं कोरी राहत. ती तीनदा नापास झाली. चौथ्यांदा कशीबशी काठावर पास झाली. मोठे सर, म्हणजे आमच्या शाळेचे मुख्य शिक्षक, तिला म्हणायचे, "अगं, तुला विमान उडवायचंय, रक्त नाही तपासायचं!" सरांचा देह मोठा होता आणि आवाज त्याहून मोठा होता.

पेपर पास झाला म्हणून सुटका नसते. पास झाल्यापासून ठरलेल्या मुदतीत उड्डाणाच्या सगळ्या अटी पुऱ्या कराव्या लागतात. मुदत टळली की पेपर शिळा होतो आणि परत बसावं लागतं. ताईचं नशीब असं की कधी इंजिन उघडलेलं असे, कधी धुकं असे, कधी तिचा नंबर येईपर्यंत दिवस मावळे. शेवटी तिची एकच अट उरली. एकटीने लांबच्या, धावपट्टी असलेल्या मैदानावर जायचं, तिथून आणखी एका मैदानावर आणि तिथून घरी यायचं. आणि नेव्हिगेशनच्या पेपराच्या मुदतीचाही एकच दिवस उरला. तो पेपर पाचव्यांदा द्यायचा विचारही तिला नको वाटायचा. हे ती स्वतः धाकटीत बसून, कुणी ऐकत नाही असं समजून म्हणाली होती.

त्या शेवटच्या दिवसाच्या आदल्या दुपारी थोरली आणि धाकटी शेजारी-शेजारी उभ्या करून धुतल्या गेल्या. खुर्च्या बाहेर काढल्या, गालिचे झटकले, आणि आम्हा दोघी बहिणींना एकाच बाकावर उन्हात टाकलं. संध्याकाळी खुर्च्या जागेवर गेल्या. मलाही कुणीतरी उचलून एका खिशात सरकवलं. खुर्ची तशीच फाटकी होती, पण वास निराळा होता. मी थोरलीच्या खिशात होते आणि माझी बहीण धाकटीच्या. मला ते तत्काळ कळलं आणि कळून काही उपयोग नव्हता.

सकाळी मोठे सर एका विद्यार्थ्याला घेऊन धाकटीतून उडाले आणि लवकरच कपाळाला आठ्या घालून उतरले. "काय जड झालीय ही! वर चढायचं नावच घेत नाही." मुलांनी एकमेकांकडे आणि मग सरांच्या पोटाकडे पाहिलं. कुणी काही बोललं नाही, पण सरांना ते ऐकू गेलं. "आजपासून चहात साखर बंद," असं पुटपुटत ते आत गेले.

ताईला त्या दिवशी थोरली मिळाली होती. ती लवकर आली होती, कारण एवढ्या लांबच्या उड्डाणाला टाकी भरून घ्यावी लागणार हे तिने घरूनच काढून आणलं होतं. ती सरळ पंपाकडे गेली.

"आता नाही," पंपवाला म्हणाला. "आत्ताच टँकर आमच्या टाकीत रिकामा झालाय. तेल निवळू द्यावं लागतं, गाळ, पाणी सगळं खाली बसलं पाहिजे. दुपारपर्यंत पंपाला हात नाही लावायचा."

"दुपारी ढग खाली येणार आहेत हो."

"ते मी नाही आणत, ताई."

ताईचं तोंड एवढंसं झालं. तरीही आहे ते मोजावं म्हणून ती घोड्यावर चढली. तिने मला थोरलीच्या टाकीत सोडलं, तळाला टेकवलं, वर काढलं. माझ्या अंगावर जिथे ओल आली होती तिथला आकडा चांगला मोठा होता. तिने मला पुसलं. परत एकदा. तोच आकडा. दुसरी टाकी, परत एकदा, तिथेही तसंच.

"किती?" खालून एका मुलाने विचारलं.

"पुरेल इतकं आहे. जाऊन येऊन वर शिल्लक राहील."

"मग बसा की! नशीब जोरात आहे तुमचं आज!"

ताई घोड्यावरून उतरली नाही. ती मला हातात धरून तशीच उभी राहिली. मित्रांनो, मी तिला सांगू शकत नव्हते. सांगायचं म्हणजे जिथपर्यंत पेट्रोल आहे तिथपर्यंत ओलं व्हायचं, आणि तेवढं मी झाले होते. पुढचं काम आकड्यांचं आणि ते आकडे दुसऱ्या टाकीचे होते. खोटं बोलायला मला काहीच वेगळं करावं लागत नाही, नुसतं चुकीच्या जागी जावं लागतं.

मोठे सर बाहेर आले. "अजून इथेच? निघ लवकर. दुपारनंतर ढग टेकड्यांवर बसतील, आणि आज गेली नाहीस तर पेपर गेला, ठाऊक आहे ना?"

"सर, पेट्रोल जास्त आहे."

"काय आहे?"

"जास्त. परवा मीच उडवली होती ही. उतरले तेव्हा एवढं उरायला नको होतं."

सरांनी कमरेवर हात ठेवले. "कमी आहे म्हणून रडणारे पुष्कळ पाहिले. जास्त आहे म्हणून रडणारी तू पहिलीच. कुणीतरी भरलं असेल काल!"

ताईने पंपाकडे तोंड करून ओरडून विचारलं, "काल थोरलीत भरलं होतं का हो?"

"थोरलीत? नाही. काल संध्याकाळी धाकटीतच भरलं, काठी कमी दाखवतेय म्हणाले म्हणून."

"ऐकलंत, सर? मग हे आलं कुठून?"

"तुझंच गणित चुकलं असेल," सर म्हणाले. "नेव्हिगेशनला तीनदा..." आणि तिथे ते थांबले. वाक्य अर्धंच राहिलं, पण लागायचं तिथे लागलं. ताईचे कान लाल झाले. मला तिचं वाईट वाटलं. मला सहसा कुणाचं काही वाटत नाही, लाकडाला ते परवडत नाही, पण तिचं वाटलं.

ती खाली उतरली. थोरलीच्या चाकाशी उकिडवी बसली आणि खिशातून गोल चकती काढली. परवा किती वेळ उडाली, तासाला किती जळतं, आधी किती होतं, सगळं तिने फिरवून काढलं. मग परत एकदा काढलं. भोवती चार मुलं जमली होती. एक घड्याळाकडे पाहत होता, दुसरा ढगांकडे. घाई करणाऱ्यांच्या घोळक्यात हळू काम करायला फार धीर लागतो. ती मात्र चकती नीट फिरवत होती.

"माझं गणित तेच येतंय, सर," ती उठून म्हणाली. "माझं चुकतंय की काठीचं चुकतंय, ते कळल्याशिवाय मी जाणार नाही."

"आणि मुदत?"

"आज संपतेय. मला माहितेय."

सरांनी हवेत हात उडवले आणि हाक मारली, "काका! अहो काका, या जरा! आमच्या ताई काठीवर संशय घेतायत!"

काका हात पुसत आले. मला हातात घेतलं, उलटंसुलटं केलं, डोळ्यांजवळ नेलं. मग एकदम त्यांचा चेहरा उतरला. ते तसेच धाकटीकडे गेले आणि तिच्या खिशातून माझ्या बहिणीला घेऊन आले. आम्हा दोघींना त्यांनी पंखावर शेजारी-शेजारी ठेवलं. इतक्या वर्षांत आम्ही फक्त बाकावर भेटलो होतो. उंची तीच, रुंदी तीच, लाकूड तेच. आकडे मात्र जुळत नव्हते.

काकांनी बहिणीला थोरलीच्या टाकीत सोडलं आणि वर काढून ताईपुढे धरलं. तिच्यावरचा आकडा आणि ताईने काढलेला आकडा एकच होता.

ताईने चकती पुन्हा फिरवली, या वेळी मागचं नव्हे तर पुढचं काढायला. खऱ्या पेट्रोलवर ती पहिल्या मैदानावर पोचली असती. तिथे पेट्रोल मिळत नव्हतं, आणि मी 'भरपूर आहे' म्हटल्यावर तिने घेतलंही नसतं. दुसरं मैदान यायच्या अलीकडे टेकड्या होत्या. त्या टेकड्यांवर कुठेतरी इंजिन थांबलं असतं.

"म्हणजे धाकटीतली काठी कमी सांगत होती," सर हळू आवाजात म्हणाले, "आणि आपण वर आणखी ओतलं. म्हणून सकाळी ती जड..."

"म्हणजे सर, तुमचं पोट नव्हतं ते!" एक मुलगा बोलून गेला आणि लगेच जीभ चावली. हसावं की नाही हे कुणाला कळेना. शेवटी ताईच हसली, आणि हसता हसता तिला खाली बसावं लागलं.

धाकटी घ्यावी तर, ती वर चढत नाही म्हणून काकांनी सकाळीच तिचं इंजिन उघडून ठेवलं होतं. दुपारी पंप सुरू झाला. थोरलीच्या टाक्या काठोकाठ भरल्या, आणि त्याच वेळी ढग टेकड्यांवर येऊन बसले. ताई तरी थोरलीत जाऊन बसली, पट्टा बांधून. ढग उठले तर निघता येईल म्हणून. काकांनी आम्हा दोघींना तिच्या हवाली केलं होतं. "घरी ने ह्यांना, आणि काहीतरी कायमचं कर. माझ्याच्याने इतकी वर्षं झालं नाही," एवढंच ते म्हणाले. आम्ही तिच्या मांडीवर होतो. ढग उठले नाहीत. संध्याकाळी सर आले आणि दाराशी उभे राहिले.

"तुझं गणित बरोबर होतं," ते म्हणाले. त्यांचा एवढा लहान आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"हो, सर. पण पेपर गेला."

सर दार हळूच लावून निघून गेले. ते गेल्यावर ताई रडली. जीव वाचल्याचा आनंद माणसाला लगेच होत नाही, असं मला तेव्हा दिसलं. जे झालं नाही ते दिसत नाही. हातातून गेलेला पेपर तेवढा दिसतो. तिचे अश्रू माझ्यावर पडले. आकडा वाचण्याइतके नव्हते.

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा घर पाहिलं. स्वयंपाकघरात टेबलावर आम्हाला ठेवलं होतं. वहिनी भाजी चिरत होती, दादा दाराला टेकून उभा होता. ताईने सगळं सांगितलं. टेकड्यांचं सांगताना वहिनीची सुरी थांबली.

"म्हणजे आता पेपर परत?" दादाने विचारलं. "पाचव्यांदा?"

"मग काय झालं?" वहिनी म्हणाली. "तुम्ही स्कूटरचं लायसन्स कितव्या खेपेला काढलंत ते सांगू का हिला?"

दादा बाहेर जाऊन टीव्ही पाहू लागला.

वहिनीने हात धुतले, आत जाऊन नखांना लावायच्या रंगाच्या दोन बाटल्या आणल्या आणि टेबलाशी बसली. एक लाल, एक हिरवी. हिरवी कुणीतरी भेट दिलेली, तिने कधी लावली नव्हती. तिने माझं डोकं लाल केलं आणि बहिणीचं हिरवं, फुंकर घातली, रंगाचा दुसरा हात दिला. ताईने दाभण तापवून आमच्या पाठीवर जिच्या-तिच्या विमानाची अक्षरं डागली. हेही दुखलं. पण आता मी कुणाची आहे हे माझ्या पाठीवर लिहिलेलं होतं.

"आणि आता तुझं," वहिनी ताईला म्हणाली. "उद्यापासून मी गजर लावून बसणार. गजर वाजला की पेपर ओढून घेणार. पेपरात परत एकदा करायचं नाही. तिथे चुकलं तर एक मार्क जातो."

"आणि विमानापाशी?"

"विमानापाशी शंभरदा कर. घरी ये म्हणजे झालं."

पाचव्यांदा ताईने पेपर वेळेआधी संपवला. किती मार्क पडले ते मला कळलं नाही. लांबचं उड्डाणही तिने थोरलीतूनच केलं. आपल्या टाकीत बसलेली माझी बहीण त्या दिवशी खरं बोलली. लायसन्स घेऊन ताई निघून गेली आणि बरीच वर्षं टपालाची लहान विमानं उडवत राहिली, असं सर नव्या मुलांना सांगत. सांगताना त्यांची मान ताठ होत असे, जणू त्या दिवशी घोड्यावर तेच उभे होते.

माझं पुढे काय झालं? जे सगळ्या जुन्या वस्तूंचं होतं. धाकटी विकली गेली. नव्या मालकाने तिच्यासाठी पेट्रोल मोजायची पारदर्शक नळी आणली आणि मला मागे ठेवलं. विमानाशिवाय डिपस्टिक म्हणजे काय, याचा कधी विचार केलाय का? माझ्या अंगावर सगळे आकडे शाबूत होते आणि त्यांतला एकही आता कशालाच लागू नव्हता. काका घरी बसले. माझ्याने कुणी रंग ढवळला, कुणी पाठ खाजवली, एकाने शेडमध्ये शिरलेल्या मांजराला माझा धाक दाखवला. मांजर घाबरलं नाही. शेवटी या वर्गाची खिडकी मोडली आणि मला कायमची नोकरी लागली.

मग एके दिवशी नेव्हिगेशन शिकवायला नव्या मॅडम आल्या. केस कानशिलापाशी पांढरे झालेले. फळ्याकडे जाता जाता त्या खिडकीपाशी थांबल्या आणि मला बाहेर काढलं. खिडकी धाडकन मिटली. त्यांनी माझ्या डोक्यावरच्या लाल रंगावरून अंगठा फिरवला, मग पाठ उलटी करून अक्षरं वाचली. "वहिनीला सांगायला पाहिजे," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मला तिथेच पुसून घेतल्यावर माझी खात्री पटली.

तेव्हापासून दर नव्या वर्गाच्या पहिल्या तासाला ताई एक बादली पाणी मागवते. मला तिच्यात बुडवते, वर काढते आणि विचारते, "किती?" मुलं पुढे वाकून वाचतात, आकडा सांगतात आणि वहीत लिहूनही घेतात. ताई गप्प राहते. मुलं चुळबुळतात. कधी लवकर, कधी फार उशिरा, कुणीतरी विचारतं, "पण मॅडम, ही काठी कुठल्या टाकीची?"

"आत्ता तास सुरू झाला," ताई म्हणते. मग ती त्या दिवसाची गोष्ट सांगते, थोरलीची, धाकटीची आणि सरांच्या पोटाची.

मागच्या वर्गात एका मुलीने गोष्ट संपल्यावर हात वर केला. "मॅडम, त्या दिवशी तुम्ही गेला असतात तर?"

ताई मला पुसत होती. वर न बघता म्हणाली, "तर नेव्हिगेशनचा पेपर परत द्यावा लागला नसता."

वर्ग खळखळून हसला. मग पुढच्या बाकावरचा एक जण हसायचा थांबला, मग त्याच्या शेजारचा, आणि होता होता सगळे थांबले.

मित्रांनो, मी जुनी झाले आहे आणि माझं मागणं फार नाही. कुणी ठामपणे आकडा सांगितला तर तो कुठल्या टाकीचा आहे एवढं विचारत जा. आणि काठी वापरून झाली की पुसून ठेवा. ओली राहिलेली काठी पुढच्या माणसाला मागच्याचंच उत्तर देते.